मानाची भिंत: चाहत्यांनी चालवलेल्या हॉल ऑफ फेमचे मतदान नियम कसे ठरले

पार्श्वभूमी

मुंबई क्रिकेटच्या चाहत्यांचं हे एक नोंदणीकृत मंडळ. कार्यकारिणी ९ जणांची, सभासद १३२. निम्मे दादर, माटुंगा, गिरगावातले आणि उरलेले तिथूनच पुढे डोंबिवली, बोरिवलीकडे राहायला गेलेले. ओळख पटू नये म्हणून मंडळाचं, क्लबांचं आणि पहिल्या दोन वर्षांत निवडल्या गेलेल्या खेळाडूंचं नाव इथे दिलेलं नाही.

गिरगावातल्या एका वाचनालयाने मंडळाला आपल्या खोलीतली एक भिंत वापरायला दिली. तिच्यावर मुंबईच्या मोठ्या क्रिकेटपटूंच्या तसबिरी लावायच्या आणि कोणाच्या लावायच्या हे सभासदांच्या मतांनी ठरवायचं, एवढीच मूळ कल्पना. आयसीसीचा हॉल ऑफ फेम २००९ पासून आहेच. त्यात सुनील गावस्कर सुरुवातीपासून आहेत, सचिन तेंडुलकर २०१९ मध्ये, विनू मंकड २०२१ मध्ये आणि डायना एडलजी २०२३ मध्ये आल्या. पण तिथे आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहतात. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारे पद्माकर शिवलकर किंवा ११,१६७ धावा करणारा अमोल मुझुमदार भारताकडून एकही सामना खेळले नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ते दार बंदच. मंडळाला भिंत हवी होती ती मुख्यतः अशा माणसांसाठी. हा हेतू सगळ्यांच्या तोंडी होता, पण नियमांच्या कागदावर कोणी उतरवला नव्हता.

भिंतीचं माप इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरून बरंच अडलं. रुंदी १४ फूट. तसबीर १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच, खाली ३ इंचांची नावाची पट्टी. दोन तसबिरींत ४ इंच अंतर सोडलं तर एका ओळीत १० बसतात. जमिनीपासून अडीच फूट सोडून वर साडेचार फूटच वापरता येतात, म्हणजे ओळी दोन आणि एकूण तसबिरी २०. हा हिशेब पहिल्या मतदानानंतर झाला.

पहिल्या वर्षीचे नियम

कूपरस्टाउनच्या अमेरिकन बेसबॉल हॉल ऑफ फेमचे नियम एका सभासदाच्या वाचनात होते. तिथला ७५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांना भारदस्त वाटला आणि तो उचलला गेला. नियमांचं पान अर्ध्यावरच संपत होतं:

- मुंबई क्रिकेटमध्ये भरीव योगदान असलेली, निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली कोणतीही व्यक्ती पात्र.
- कोणीही सभासद नाव सुचवू शकतो.
- प्रत्येक मतदाराने जास्तीत जास्त ५ नावांवर खूण करायची.
- ७५ टक्के मिळाले की निवड.

बेसबॉलमध्ये हा आकडा एकटा उभा नाही. तिथे बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेत किमान १० वर्षं असलेले पत्रकारच मत देतात आणि प्रत्येकाला १० नावांपर्यंत खूण करता येते. ५ टक्क्यांखाली गेलेलं नाव यादीतून उडतं, उरलेल्याला १० वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा संधी मिळते. एवढं असूनही २०१३ आणि २०२१ मध्ये पत्रकारांच्या मतांतून एकही खेळाडू निवडला गेला नाही. मंडळाने छप्पर आणलं, खांब तिकडेच राहिले.

सभासदांनी ४६ नावं सुचवली. ४६ नावं आणि माणशी ५ खुणा हे गणित कागदावर मांडलं असतं, तर मत टाकण्याआधीच दिसलं असतं की खुणा विखुरणार आणि दोन-तीन सर्वज्ञात नावांपलीकडे कोणीही ७५ टक्क्यांजवळ जाणार नाही.

अडचण

नावं मागवल्याचं जाहीर झालं आणि पंधरा दिवसांत ३१ नवे सभासद आले, सगळे एकाच मैदानी क्लबाशी संबंधित. क्लबाचे एक जुने कप्तान कांगा लीगमध्ये दोन दशकं खेळले होते, रणजी सामने मात्र मोजकेच. त्यांचं नाव यादीत यावं म्हणून ही भरती. कांगा लीग म्हणजे १९४८ पासून भर पावसाळ्यात, उघड्या खेळपट्टीवर चालणारी मुंबईची खास स्पर्धा. ओल्या, चिवट खेळपट्टीवर तिथे उभं राहणाऱ्याची किंमत मैदानवाल्यांना ठाऊक असते. तेव्हा क्लबाचं म्हणणं उगाच नव्हतं, आणि ‘भरीव योगदान’ या शब्दांत ते बसतही होतं. कार्यकारिणीने मात्र नाव आल्यानंतर बैठक घेऊन ‘रणजीत किमान ५ मोसम’ अशी अट घातली आणि ते नाव काढलं. अट वाजवी होती, वेळ चुकीची. नाव समोर आल्यावर घातलेली अट त्या नावासाठीच घातलेली दिसते, मग तिच्यामागे हेतू कितीही स्वच्छ असो.

क्लबाच्या काही सभासदांनी निषेध म्हणून कोऱ्या मतपत्रिका टाकल्या.

मतमोजणी वाचनालयातच झाली. ऑनलाइन फॉर्मची मतं छापून घेतली होती, कागदी मतपत्रिका त्यांत मिसळल्या. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत जायचं, तिसऱ्याने नजर ठेवायची. एकूण १२१ मतपत्रिका. तीन कागदी मतपत्रिकांवर सहा खुणा निघाल्या, त्या बाद. (ऑनलाइन फॉर्म सहावी खूण घेतच नाही, कागद घेतो.) राहिल्या ११८, त्यांतल्या ९ कोऱ्या.

पहिल्या नावाला १०७ आणि दुसऱ्याला १०१ मतं. ही दोन नावं कोणती असतील ते मतपेटी न उघडता दादर स्टेशनावरचा कोणीही सांगू शकला असता. तिसऱ्या नावापाशी ८४ रेघा झाल्या आणि टेबलाभोवती शांतता पसरली. ११८ चे ७५ टक्के म्हणजे ८९, तेव्हा हे नाव पडलं. कोऱ्या पत्रिका वगळल्या तर भाजक १०९ आणि ७५ टक्के म्हणजे ८२, तेव्हा हे नाव निवडून आलं. नियमात ‘७५ टक्के’ होतं, कशाचे ते नव्हतं. एका उमेदवारासाठी केलेला निषेध, ज्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नाही अशा दुसऱ्याच माणसाच्या आड आला होता.

बेसबॉलमध्ये कोरी मतपत्रिका भाजकात धरतात. २०२१ मध्ये ४०१ पैकी १४ कोऱ्या होत्या, सर्वांत पुढच्या उमेदवाराला २८५ मतं म्हणजे ७१.१ टक्के मिळाले. कोऱ्या वगळल्या असत्या तरी ते ७३.६ वरच थांबले असते, म्हणून तिथे प्रश्न हातघाईवर आला नाही. मंडळाचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं.

भरीला आणखी एक. मुदत रविवारी संध्याकाळी ६ वाजताची. डोंबिवलीच्या सभासदांच्या ६ मतपत्रिका गोळा करून आणणारा माणूस मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये अडकला आणि मोजणी सुरू झाल्यावर पोचला. त्या न उघडताच ठेवून दिल्या. रविवारी मेगाब्लॉक असतो हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही, तरी मुदत रविवारची ठरली होती.

या गोंधळात सर्वांत गंभीर गोष्ट जवळजवळ झाकून गेली. १९६० पूर्वी निवृत्त झालेली १४ नावं यादीत होती, त्या सगळ्यांना मिळून ३८ मतं पडली होती. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वर्षं रणजी करंडक जिंकला. त्या संघांचे चार-पाच आधारस्तंभही दहा-बारा मतांत गुंडाळले गेले. ज्यांच्यासाठी भिंत होती तेच भिंतीबाहेर राहिले.

निर्णयाचा पहिला टप्पा: तिसऱ्या नावाचं काय करायचं

तीन मार्ग होते. लगेच निवडून घ्यायचं, नाकारायचं, किंवा फेरमतदान. फेरमतदानात आकडे सगळ्यांना माहीत असताना मत पडणार, म्हणजे ते त्या एका माणसावरचं सार्वमत झालं असतं आणि क्लबाला पुन्हा कोरी पत्रिका टाकायचं कारण मिळालं असतं. लगेच निवडण्याच्या बाजूने बैठकीत बहुमत होतं. तरी कार्यकारिणीने निवड जाहीर केली नाही. त्याऐवजी ते नाव पुढच्या वर्षीच्या अंतिम यादीत आपोआप येईल असा ठराव केला आणि मोजणीचे दोन्ही आकडे सभासदांना कळवले.

हा निर्णय त्या खेळाडूवर अन्याय करणारा होता, पण दुसरा कोणताही जास्त घातक ठरला असता. मोजणी झाल्यावर भाजक निवडायचा अधिकार कार्यकारिणीने एकदा घेतला, की पुढच्या प्रत्येक वर्षी तो वापरायचा मोह होणार. दोन्ही आकडे उघड केले हे सर्वांत शहाणपणाचं. आकडे दडवले असते तर महिन्याभरात तीन वेगवेगळे आकडे फिरले असते.

पर्याय

दुसऱ्या वर्षासाठी पाच जणांची नियम समिती नेमली. समितीने प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: ३१ जणांचा एकजूट गट या पद्धतीत काय करू शकतो? चाहत्यांच्या मतदानात हा प्रश्न नेहमीचाच. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी सिनसिनाटीच्या चाहत्यांनी मतांचा पाऊस पाडून आपल्या एकाच संघाचे सात खेळाडू निवडून आणले. आयुक्तांनी त्यांतले दोघे बदलले आणि चाहत्यांचा मताधिकारच काढून घेतला, तो १९७० मध्ये परत मिळाला.

क्रमवारीचे गुण. पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असं पाचव्याला १. शाळेच्या स्पर्धेपासून सवयीची पद्धत, म्हणून लोकप्रिय. पण ३१ जणांनी ठरवून एकाला पहिलं ठेवलं की त्याचे १५५ गुण होतात. ५० जणांनी मनापासून तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला खेळाडू १५० वर राहतो. ही पद्धत कमी लोकांच्या उत्कट पसंतीला जास्त लोकांच्या साध्या संमतीवर मात करू देते. भिंतीसाठी नेमकं उलट हवं.

एकल संक्रमणीय मत. राज्यसभेच्या निवडणुकीत वापरतात ती. समितीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचा हिच्यावर फार जीव होता. पण १२० वैध मतं आणि ३ जागा असतील तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, येतो १२० भागिले ४, अधिक १, म्हणजे ३१. गटाला एक जागा हमखास. प्रत्येक गटाला त्याच्या वजनाइतका वाटा देणं हे या पद्धतीचं कामच आहे आणि सभागृहात ते योग्यही आहे. मानाच्या भिंतीवर मात गटांना प्रतिनिधित्व द्यायचं नसतं.

हव्या तेवढ्या खुणा. पाचाची मर्यादा काढायची. सोपी, मोजायला सुटसुटीत, गटाचा फायदा नाही. समितीने जवळजवळ हीच घेतली होती. एका गोष्टीवर ती अडली: खूण न करणं म्हणजे नकार की अज्ञान? तिशीतला मतदार पन्नासच्या दशकातल्या फिरकीपटूवर खूण करत नाही, कारण त्याने नावच ऐकलेलं नसतं. मोजणीत ते विरोधी मत ठरतं. १९९९ मध्ये अमेरिकन बेसबॉलने शतकाचा संघ चाहत्यांकडून निवडून घेतला तेव्हा होनस वॅग्नरसारखे जुने दिग्गज बाहेर राहिले. शेवटी खास समितीने पाच नावं वरून घातली. मतदार वाईट नव्हते, त्यांना विचारलेला प्रश्न अपुरा होता.

फक्त जाणकारांची समिती. क्रिकेटच्या दृष्टीने बहुधा सर्वांत बिनचूक निवड झाली असती. पण मग सभासदांनी वर्गणी कशासाठी भरायची?

काय ठरलं

मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे तीन चौकटी आल्या: होय, नाही, पुरेशी माहिती नाही. टक्केवारी फक्त होय आणि नाही यांच्या बेरजेवर. मात्र आलेल्या मतपत्रिकांपैकी किमान निम्म्यांवर त्या नावाबद्दल होय किंवा नाही असं मत असलंच पाहिजे. कोरी चौकट म्हणजे ‘माहिती नाही’. पूर्ण कोरी मतपत्रिका बाद, तिची संख्या जाहीर करायची पण भाजकात धरायची नाही. एकाच नावापुढे दोन चौकटींत खूण असेल तर तेवढंच मत बाद, पत्रिका नाही.

उंबरठा किती ठेवायचा यावर २० सभासदांचं चाचणी मतदान घेतलं. दोन तृतीयांश धरले तर १२ पैकी ९ नावं पार होत होती. म्हणून ७५ टक्केच ठेवले. पहिल्या वर्षी न पेलणारा तोच आकडा भाजक बदलल्यावर रास्त झाला.

मताधिकाराचा क्रम उलटा केला. मतदार यादी आधी बंद, नावं मागवणं नंतर. यादी बंद होण्याआधी ६ महिने सभासद असलेलाच मतदार. त्या क्लबाचे ३१ जण टिकले तर त्यांनाही दुसऱ्या वर्षी मत मिळणार होतं, आणि ते योग्यच होतं.

पात्रतेसाठी सामन्यांऐवजी मोसम मोजायचे ठरलं. रणजी करंडक १९५६-५७ पर्यंत बाद पद्धतीने चालायचा, त्यानंतर विभागवार साखळी आली. पूर्वी पहिल्याच सामन्यात हरलं की वर्ष संपलं. ‘किमान २५ सामने’ अशी अट घातली असती तर जुनी पिढी एका फटक्यात गेली असती. ‘मुंबईचा’ कोण हाही वाद होताच. मंकड अनेक संघांकडून खेळले, बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून मुंबईकडे आले, वसीम जाफर उत्तरार्धात विदर्भाकडे गेला. मुंबईकडून ५ मोसम खेळलेला तो मुंबईचा, जन्म आणि बाकीचे संघ पाहायचे नाहीत, असं ठरवून वाद मिटवला. भारताकडून खेळणं आवश्यक नाही, हे वेगळं कलम म्हणून स्पष्ट लिहिलं.

याद्या तीन केल्या. १९५८-५९ पासूनच्या खेळाडूंची मुख्य यादी सर्व सभासदांच्या मतावर, त्यातून वर्षाला जास्तीत जास्त ३. त्याआधीचा काळ १२ जणांच्या अभ्यास मंडळाकडे, ९ होकार आवश्यक, वर्षाला जास्तीत जास्त २. यात रणजीपूर्व काळही येतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या पाळवणकर बाळूंना रणजीचे मोसम कुठून असणार? तिसरी यादी मैदानाची: प्रशिक्षक, पंच, गुणलेखक, खेळपट्टी सांभाळणारे आणि कांगा लीगसारख्या स्पर्धांतले खेळाडू, वर्षाला १. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. धावांच्या रकान्यात त्यांना शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. क्लबाच्या कप्तानांनाही न्याय्य जागा मिळाली ती इथे.

मुख्य यादीतल्या प्रत्येक नावाबरोबर ३०० शब्दांची टिपणी जोडली, सगळ्यांची एकाच साच्यात. मुंबईकडून मोसम, धावा किंवा बळी, निर्णायक ठरलेले दोन सामने आणि विरोधातला एक मुद्दा. सामने दोनच का, तर आकडे विसरतात आणि सामना लक्षात राहतो. शिवलकरांच्या ५८९ बळींपेक्षा १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध चेपॉकवर घेतलेले १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी मतदाराला जास्त सांगतात. विरोधातला मुद्दा सक्तीचा केला, कारण नाहीतर सगळ्या टिपण्या निरोप समारंभाच्या भाषणासारख्या होतात.

मतदान घेण्याची रीत

पहिल्या वर्षी कोणीतरी व्हॉट्सॲपच्या पोलवर मत घ्यायची सूचना केली होती. त्यात कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, चालू आकडे दिसतात आणि बारापेक्षा जास्त पर्याय बसत नाहीत. पहिली दोन कारणं पुरेशी आहेत.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक मतदाराला सहा अक्षरांचा संकेतांक दिला. त्यात इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक ही जोडी वापरली नाही. हाताने लिहिलेल्या संकेतांकात या चार खुणांचा सहज घोळ होतो. नाव आणि संकेतांक यांची यादी फक्त चिटणीसाकडे. मतमोजणी करणाऱ्या बाहेरच्या दोघांकडे नुसते संकेतांक. चिटणीसाला मतं दिसत नाहीत, मोजणाऱ्यांना नावं दिसत नाहीत. एकाच संकेतांकावर दोन मतं आली तर शेवटचं धरायचं. फॉर्ममध्ये ‘एका खात्याला एकच प्रतिसाद’ ही सोय आहे, पण एकेकाकडे तीन-तीन जीमेल असतात, तेव्हा तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

कागदी मतपत्रिका दोन लखोट्यांत: आत कोरा, बाहेरच्यावर संकेतांक. संकेतांक तपासून बाहेरचा लखोटा बाजूला, मग आतले सगळे मिसळून उघडायचे. यादीत वरच्या नावाला फुकटची मतं मिळतात. फॉर्ममध्ये क्रम आपोआप बदलता येतो, कागदावर नाही, म्हणून मतपत्रिका चार वेगवेगळ्या क्रमांनी छापल्या. मुदत बुधवारी रात्री ९ ची ठेवली आणि डोंबिवली, ठाणे, बोरिवलीला एकेक संकलक नेमला. त्याच्या हातात पडलं ते वेळेत आलं असं धरायचं.

परिणाम

१२६ मतपत्रिका आल्या, पूर्ण कोरी एकही नाही. मत व्यक्त होण्याची किमान अट म्हणून ६३ चा आकडा आला. मुख्य यादीतल्या १२ पैकी ५ नावांनी दोन्ही अटी पार केल्या. पहिल्या वर्षी ८४ वर अडकलेल्या खेळाडूला १०९ होय, ११ नाही. अभ्यास मंडळाने २ आणि मैदानाच्या यादीतून १ नाव आलं. तिसऱ्या यादीतलं ते नाव क्लबाच्या कप्तानांचं नव्हतं, तरी हरकत आली नाही. त्यांचं नाव रीतसर लढून मागे पडलं होतं.

‘माहिती नाही’ ही चौकट लोकांनी खरोखर वापरली. साठच्या दशकातल्या एका गोलंदाजाला ५८ होय, १३ नाही, ५५ माहिती नाही. मत असलेले ७१, म्हणजे किमान अट पूर्ण आणि होकार ८१.७ टक्के. जुन्या पद्धतीत हाच माणूस १२६ पैकी ५८ म्हणजे ४६ टक्क्यांवर संपला असता. दुसऱ्या एका जुन्या फलंदाजाला ४४ होय, ६ नाही. होकार ८८ टक्के, पण मत असलेले ५०च, म्हणून अपात्र. त्याचं नाव नियमानुसार अभ्यास मंडळाकडे गेलं.

आणि मग गाठ पडली ती तीनच्या मर्यादेशी. पार झालेली पाच, घ्यायची तीन. नियमात लिहिलं होतं की जास्त ‘होय’ मिळालेले पुढे. तिसऱ्या जागेसाठी एकाला ९१ होय, २४ नाही, म्हणजे ७९.१ टक्के. दुसऱ्याला ८८ होय, ९ नाही, म्हणजे ९०.७ टक्के. नियमाप्रमाणे ९१ वाला आला. साठच्या दशकातला तो गोलंदाज पाचवा राहिला. या वेळी नियम आधी लिहिलेला असल्यामुळे भांडण झालं नाही, नाराजी झाली. उरलेली दोन नावं पुढची दोन वर्षं यादीत आपोआप राहतील.

काय वेगळं करता आलं असतं

होकारांच्या संख्येने क्रम लावणं ही या नियमावलीतली सर्वांत मोठी गफलत. तिसरी चौकट आणून समोरच्या दाराने बाहेर काढलेला नव्या-जुन्याचा पक्षपात मागच्या दाराने परत आला. ज्याला जास्त लोक ओळखतात त्याला होकार जास्त मिळणारच. टक्केवारीने क्रम लावला तर ५० टक्क्यांच्या अटीजवळ घुटमळणाऱ्या नावाला फायदा होतो हे खरं, पण ती अट त्यासाठीच आहे. चाचणी मतदानात २० जणांचे आकडे हाताशी होते. तेव्हाच पार झालेल्यांचा क्रम दोन्ही रीतींनी लावून पाहिला असता, तर फरक समोर आला असता. समितीने उंबरठा तपासला, क्रम तपासला नाही.

तीनची मर्यादा तरी मुळात का होती? भिंतीमुळे. पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी ६, म्हणजे ८ तसबिरी लागल्या. २० पैकी १२ जागा उरल्या आणि वर्षाला सहाच्या हिशेबाने त्या दोन वर्षांत संपणार. ८ बाय १० इंचांची तसबीर घेतली असती तर याच भिंतीवर तीन ओळी बसल्या असत्या आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मर्यादेशिवाय काढता आली असती. थकबाकी मोठी असताना दार अरुंद ठेवलं की चांगली माणसं एकमेकांना अडवत बसतात.

दुसरी त्रुटी उशिरा दिसली. पात्रतेचं कलम ‘रणजीचे ५ मोसम’ असं बांधल्यामुळे मुंबईच्या महिला क्रिकेटपटू मुख्य यादीत येऊच शकत नव्हत्या. डायना एडलजी मुंबईच्या, पण खेळल्या रेल्वेकडून, कारण त्या काळी महिला क्रिकेटला नोकरीचा आधार मुख्यतः रेल्वेने दिला. ही हरकत घेतली ती एका महिला सभासदाने, मतपत्रिका छापून झाल्यावर. पाच जणांच्या नियम समितीत एकही बाई नव्हती. हे कलम तिथे आणखी कोणाला खटकलं नाही याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

तिसऱ्या वर्षासाठी सर्वसाधारण सभेने तीन बदल मंजूर केले, नावं मागवण्याच्या आधी. पार झालेल्यांचा क्रम टक्केवारीने. महिला खेळाडूंसाठी संघाची अट काढून ‘मुंबईत राहून ५ मोसम वरिष्ठ पातळीवर खेळलेली’ अशी व्याख्या. आणि नव्या तसबिरी ८ बाय १० च्या. जुन्या आठ काढून त्याच मापात पुन्हा करायच्या का, यावर सभेत पाऊण तास गेला. त्या बदलायच्या नाहीत असं ३९ विरुद्ध ३४ मतांनी ठरलं.